टाळी कुणाच्या मालकीची?

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आपल्या कॉलेजच्या सभागृहात मोठा पडदा लावून तो दाखविण्याची सोय विद्यार्थ्यांनी मोठ्या हौसेने केली होती. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा, म्हणजे संध्याकाळी पाचला सुरू झाला. शफाली वर्मा सुरेख खेळत होती. दुसऱ्या रांगेतली एक विद्यार्थिनी शेजारणीला ती चेंडूच्या रेषेत कशी येते ते समजावून सांगत होती. मागच्या रांगेतून प्रश्न आला, "एवढं क्रिकेट कळतंय तर सांग बघू, सिली पॉइंट कुठं असतो?"

तिने बरोबर सांगितले. लगेच दुसरा प्रश्न आला, "मग डकवर्थ-लुईसचं गणित कसं काढतात?" मुलगी म्हणाली, "तुला येतं काय?" सभागृहात हशा पिकला. पण प्रश्न थांबले नाहीत. तिसरा आला, चौथा आला. पाचव्याला तिने उत्तर दिले नाही. ती पडद्याकडे बघत गप्प बसली आणि त्यानंतर शेजारणीशीही खेळाबद्दल बोलली नाही. तीन रांगा मागे मी बसलो होतो. पहिल्या दोन प्रश्नांना मीही हसलो होतो हे येथे कबूल करतो.

पुढे व्हायचे ते झाले. नऊ वाजले. दक्षिण आफ्रिकेची फलंदाजी नुकती कोठे सुरू झाली होती. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक बंद होण्याची वेळ झाली म्हणून मुली उठून गेल्या. मध्यरात्रीच्या सुमारास भारताने ५२ धावांनी विजय मिळविला, महिलांचा विश्वचषक प्रथमच आपल्याकडे आला, आणि आपल्या सभागृहात नाचायला फक्त मुलगे होते. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले तेव्हा तिच्या नावाचा पुकारा करणाऱ्यांत एकही मुलगी नव्हती. या गोष्टीत काही विसंगती आहे असे त्या रात्री कोणाला वाटले नाही. मलाही घरी जाऊन अंथरुणावर पडल्यावर वाटले.

विद्यार्थी मित्रहो, हा लेख त्या अस्वस्थतेतून लिहितो आहे. कुणाला दोष देण्याचा हेतू नाही. पण एका प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी मिळून शोधावे असे वाटते. एखाद्या खेळावर, कलेवर, नटावर आपले प्रेम आहे, म्हणून त्या प्रेमाच्या दारात द्वारपाल होऊन उभे राहण्याचा हक्क आपल्याला मिळतो काय?

मराठीत अशा प्रेम करणाऱ्या माणसाला पुष्कळ नावे आहेत. गाण्याचा असेल तर रसिक, नाटकाचा असेल तर शौकीन, नटाचा असेल तर चाहता, आणि हल्ली सगळ्यांचाच 'फॅन'. या अंकाच्या पलीकडच्या भागात आमचे कन्नड मित्र यालाच 'अभिमानी' म्हणतात. शब्द एकच, पण सीमेच्या दोन बाजूंना त्याचे दोन अर्थ. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता; मराठीत अभिमानी म्हणजे ज्याला गर्व आहे तो. मला हे दोन अर्थ शेजारी ठेवून बघण्यासारखे वाटतात. चाहता असणे आणि गर्व असणे यांत अंतर थोडेच आहे, आणि ते केव्हा ओलांडले गेले हे ज्याचे त्याला कळत नाही.

डॉ. राजकुमार आपल्या चाहत्यांना 'अभिमानी देवरु' म्हणजे चाहते हेच देव म्हणत असत. १२ एप्रिल २००६ रोजी ते वारले तेव्हा बेंगळूरच्या रस्त्यांवर काय झाले ते अनेकांना आठवत असेल. ज्यांना त्यांनी देव म्हटले होते त्यांच्यातल्याच काहींनी गाड्या जाळल्या, दगडफेक केली. त्या गोंधळात माणसे प्राणास मुकली, त्यांत एक पोलीस शिपाईही होता. एवढ्या शांत, नम्र कलावंताला शांतपणे निरोप मिळाला नाही. आम्हा मराठी माणसांनी याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात, मार्च २००६ मध्ये, मुंबईच्या वानखेडे मैदानावर खुद्द सचिन तेंडुलकर इंग्लंडविरुद्ध एका धावेवर बाद होऊन परतताना घरच्या प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडविली होती. सोळा वर्षे ज्याने आनंद दिला त्याच्या एका वाईट दिवसाची किंमत एवढी! 'आमचा' म्हणणाऱ्यांनीच हे केले. 'आमचा' या शब्दात माया असते तशी मालकीही असते, आणि मालक नाराज झाला की तो फोडतोड करतो, नाही तर दुसऱ्याला हाकलतो.

येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय इतरांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

१९९९ साली मी याच कॉलेजचा विद्यार्थी होतो आणि वसतिगृहात राहत होतो. माझ्या खोलीतला सोबती खानापूर भागातला, मुसलमान घरातला मुलगा होता. मराठी, कन्नड आणि घरची उर्दू अशा तिन्ही भाषा तो सारख्याच सहजतेने बोले. आमच्या मजल्यावर क्रिकेटचे त्याच्याइतके ज्ञान कुणाला नव्हते. चेंडूची शिवण कोणत्या बाजूला आहे हे टी.व्ही.वर पाहून तो आधी सांगायचा की हा आत येणार की बाहेर जाणार. कपिल देव त्याचे दैवत, आणि वसीम अक्रमचा चेंडू त्याला आवडे. अक्रमचा चेंडू आवडत नाही असा वेगवान गोलंदाज मी अजून पाहिलेला नाही.

३१ जानेवारी १९९९, रविवार. मद्रासचे, म्हणजे चेन्नईचे चेपॉक मैदान. पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत भारताला २७१ धावा हव्या होत्या. पाठदुखीने वाकलेल्या सचिनने १३६ धावा केल्या. विजयाला १७ धावा उरल्या असता तो बाद झाला, आणि उरलेले तीन गडी चार धावांत गेले. आपण बारा धावांनी हरलो. वसतिगृहाच्या टी.व्ही.च्या खोलीत स्मशानशांतता पसरली. पडद्यावर मात्र भलतेच काही घडत होते. चेपॉकचे प्रेक्षक एकेक करून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी मारू लागला आणि सगळे मैदान उभे राहून त्यांना मान देत होते. तेवढ्यात आमच्या खोलीतही टाळीचा आवाज आला. माझा सोबती टाळ्या वाजवत होता.

सगळ्या माना मागे वळल्या. एकजण म्हणाला, "काय बे, झालं न्हवं मनासारखं?" दुसरा म्हणाला, "जा की मग तिकडंच!" त्याने पडद्याकडे हात दाखवला आणि म्हटले, "अरे, सगळं स्टेडियम वाजवतंय की." यावर कुणाजवळ उत्तर नव्हते. उत्तर नसले की माणसे जे करतात ते सगळ्यांनी केले. त्याला खोलीबाहेर जावे लागले.

दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीच्या दारावर कोणी तरी खडूने पाकिस्तानचा धावफलक लिहून ठेवला. त्याने ओल्या फडक्याने तो पुसला. तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला होता. त्याने पुन्हा पुसला. असे चार दिवस चालले. दार जितके त्याचे होते तितके माझेही होते. मी एकदाही फडके हातात घेतले नाही. कोण लिहितो ते मला ठाऊक होते. मी त्यालाही काही बोललो नाही. माझे मित्र सगळे तिकडचे होते, परीक्षा जवळ आली होती, आणि कशाला उगाच, असे मनाला समजावणे सोपे होते. त्यानंतर तो टी.व्ही.च्या खोलीत कधी आला नाही. उन्हाळ्यात कारगिल झाले, आणि मग तो विषय काढण्याचीही कुणाची इच्छा राहिली नाही.

काही वर्षांपूर्वी तो मला बेळगावच्या बसस्थानकावर भेटला. चहा घेतला, मुलाबाळांचे विचारले, शेतीपाण्याचे बोलणे झाले. निघताना मी म्हटले, "अजून मॅच बघतोस काय रे?" तो म्हणाला, "न्हाई. पोरं बघतात. मी तेवढा वेळ बाहेर बसतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण क्रिकेट एवढे समजणारा माणूस आम्ही क्रिकेटमधून उठवला, हा हिशेब त्या दिवशी मला लागला. चेपॉकवर हजारो लोकांनी जी टाळी वाजवली ती खिलाडूपणाची ठरली आणि इतिहासात गेली. तीच टाळी त्याने वाजवली तर ती गद्दारी ठरली. टाळी तीच होती. आम्ही ती वाजवणाऱ्याचे नाव पाहून तिचा अर्थ लावला.

असे वागणे आपल्याला नवीन नाही, आणि या गोष्टीची मुळे आपल्या शेजारीच आहेत. धारवाडला जन्मलेले पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे, जाळी बांधण्याचे काम करता करता ते डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. इंग्रजांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा म्हणून हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. मैदानात त्यांच्या बळींवर टाळ्या पडत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पानही वेगळे असे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि युरोपियनांना हरविल्यावर प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले.

खांद्यावर घेतले याचा आनंद आहेच. पण माझ्या मनात नेहमी येते, की ज्यांनी बाळूंच्या बळींवर टाळ्या वाजविल्या आणि मग त्यांच्या मातीच्या भांड्याकडे बघून न बघितल्यासारखे केले, ते प्रेक्षक स्वतःला क्रिकेटचे निस्सीम चाहतेच समजत असतील. गोलंदाजीवर प्रेम होते. माणसाला मात्र ओसरीवर बसविले होते. चाहतेपण आणि सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असली की दुसरी आपोआप येते हा आपला गैरसमज आहे.

आता अलीकडचे पाहू. २०२१ हे एकच वर्ष घेतले तरी पुरे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत सिडनीच्या मैदानावर महंमद सिराज सीमारेषेजवळ उभा असताना प्रेक्षकांतून त्याला वर्णद्वेषी शिव्या देण्यात आल्या. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा. वडील वारले तेव्हा तो त्याच दौऱ्यावर होता आणि अंत्यसंस्कारालाही येऊ शकला नव्हता. त्याने सरळ पंचांकडे तक्रार केली. खेळ काही मिनिटे थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. शिव्या देणारे ते सहाजण नव्हते असे पुढे चौकशीत निघाले, पण शिवीगाळ झाली हे ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने मान्य केले आणि माफीही मागितली. तेव्हा आपण सारे संतापलो. आपल्या स्टाफ रूममध्ये त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात आपला महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला. वंदना कटारिया ही त्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करणारी, ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारी पहिली भारतीय महिला. तिच्या हरिद्वारजवळच्या गावी, घरासमोर काहींनी फटाके वाजविले आणि संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो असे म्हणत घरच्यांना जातीवरून अपशब्द वापरले. मग ऑक्टोबर आला. २४ तारखेला दुबईत पाकिस्तानने आपल्याला दहा गड्यांनी हरविले. अकरा जण हरले. शिव्या मात्र महंमद शमीला पडल्या, आणि त्याही त्याच्या गोलंदाजीला नव्हे, धर्माला. कर्णधार विराट कोहलीने पुढे उघडपणे सांगितले की धर्मावरून एखाद्यावर हल्ला करण्याइतके वाईट माणूस दुसरे काही करू शकत नाही. पुढल्या वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, पाकिस्तानविरुद्धच एक झेल सुटला म्हणून अर्शदीप सिंगला खलिस्तानी ठरविण्यात आले.

जानेवारीत सिडनीच्या प्रेक्षकांवर संतापणारे आणि ऑक्टोबरात शमीला शिव्या देणारे लोक निरनिराळे होते काय? काही असतील. पण पुष्कळसे तेच होते असे मला वाटते, आणि हीच यातली खरी दुःखाची गोष्ट आहे.

यावर पुढे काय झाले तेही सांगितले जाते. २०२३ च्या विश्वचषकात शमीने सात सामन्यांत २४ बळी घेतले, वानखेडेवर न्यूझीलंडचे सात गडी एकट्याने बाद केले, आणि अवघा देश त्याच्या नावाने नाचला. २०२४ च्या टी-२० विश्वचषकात अर्शदीपने १७ बळी मिळविले. 'पाहा, लोकांनी त्यांना पुन्हा डोक्यावर घेतले,' असे आपण समाधानाने म्हणतो. मला हे समाधान अपुरे वाटते. एखाद्याला आपले या देशातले स्थान दर वेळी बळी घेऊन सिद्ध करावे लागत असेल, तर ज्याला बळी मिळत नाहीत त्याने काय करावे? सुटलेल्या झेलानंतरही माणूस आपलाच राहतो, अशी हमी जेथे आहे तेथेच तो आपला आहे.

माझ्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. त्यांतला पहिला असा, की खेळात थोडी चेष्टामस्करी चालायचीच. सगळेच सोवळ्याने बोलू लागलो तर मजा काय राहिली? हे मला मान्य आहे. राहुल द्रविडवरून आपल्या कॉलेजात मराठी आणि कन्नड मुलांचे भांडण माझ्या विद्यार्थिदशेपासून चालू आहे. तो जन्मला इंदूरला, घर मराठी, वाढला बेंगळूरला, खेळला कर्नाटकाकडून. आम्ही म्हणणार, घरात तो मराठी बोलतो. ते म्हणणार, मैदान त्याला कर्नाटकाने दिले. शेवटी कँटीनमध्ये चहाचे पैसे कोण देणार यावर भांडण मिटते. या चेष्टेत दोघेही हसतात आणि दोघेही उद्या पुन्हा त्याच टेबलाशी येतात. चेष्टा आणि छळ ओळखण्याची ही साधी खूण मला पुरेशी वाटते: ज्याची चेष्टा केली तो दुसऱ्या दिवशी येऊन बसतो की नाही, ते पाहावे. त्या विद्यार्थिनीने बोलणे थांबविले आणि माझ्या सोबत्याने येणेच थांबविले.

दुसरा आक्षेप असा, की आम्ही मनापासून बघतो तर टीका करण्याचाही आम्हाला हक्क आहे. जरूर आहे. फटका चुकला असेल तर चुकला म्हणा, निवड समितीवर चार पाने लिहा. पण टीका फटक्यावर असावी. जन्मावर, जातीवर, धर्मावर, बाईपणावर नसावी.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: हे करणारे चार-दोन टवाळ असतात, त्यांच्यावरून सगळ्यांना बोल कशाला? १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध भारताची अवस्था ८ बाद १२० झाली, तेव्हा बाटल्या फेकणारे आणि आसनांना आगी लावणारे एकंदर गर्दीच्या मानाने थोडेच असतील. पण सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित केले. १९९९ च्या फेब्रुवारीत, म्हणजे चेपॉकनंतर महिन्याच्या आत, त्याच ईडन गार्डन्सवर पुन्हा गोंधळ झाला आणि अखेर प्रेक्षकांना बाहेर काढून जवळजवळ रिकाम्या मैदानात सामना पुरा करावा लागला. थोडे लोक फेकतात, पण मैदान सगळ्यांचे रिकामे होते. आमच्या दारावर लिहिणारा तर एकटाच होता. त्याचे बळ खडूत नव्हते, बाकीच्या आम्हा तीस-चाळीस जणांच्या गप्प बसण्यात होते.

मी अर्थशास्त्र शिकवतो. वर्गात आम्ही सांगतो की भाकरी दुसऱ्याने खाल्ली तर आपल्या वाटची कमी होते. पण दिव्याचा उजेड दुसऱ्याने घेतला म्हणून आपला कमी होत नाही. खेळाचा आनंद या दुसऱ्या जातीचा आहे. उलट बघणारे वाढले की तो वाढतो. म्हणून तर घरी टी.व्ही. असूनही आपण सभागृहात जमतो. मग नवख्याला, मुलींना, परधर्मीयाला, 'तुला काय कळतं' म्हणून मागे सारण्यात कुणाचा कोणता लाभ आहे? लाभ एकच दिसतो: आपण आतले आहोत ही भावना टिकवायची तर कोणी तरी बाहेरचे असावे लागते.

आणि 'तुला काय कळतं' हा प्रश्न मुलींना विचारणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्रिकेटचा पहिला विश्वचषक पुरुषांचा नव्हे. तो महिलांचा, १९७३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली. आपल्या कर्नाटकच्या शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी १९७६ साली पाटण्याला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या पिढीच्या मुली आरक्षणाविना रेल्वेने प्रवास करून, मिळेल त्या जागी मुक्काम करून खेळल्या. येथून काही तासांवर असलेल्या सांगलीत स्मृती मानधना लहानाची मोठी झाली. या खेळात मुली पाहुण्या म्हणून आलेल्या नाहीत.

तेव्हा करायचे काय? मोठमोठे ठराव करून काही होत नाही, म्हणून तीनच लहान गोष्टी सुचवितो. पहिली, सभागृहात सामना दाखविला जाईल तेव्हा तो मुलींनाही शेवटच्या चेंडूपर्यंत बघता यावा अशी वेळेची आणि सोबतीची व्यवस्था आधीच ठरावी. नाही तर तो कुणालाच दाखवू नये. तसे पत्र मी प्राचार्यांना व रेक्टरबाईंना दिले आहे. दुसरी, प्रेक्षकाची परीक्षा घेण्याची पद्धत आपण बंद करू. ज्याला सिली पॉइंट माहीत नाही त्याला तो दाखवावा. आपल्यालाही तो कोणी तरी दाखविलाच होता. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि ती माझ्यासारख्या हसून गप्प बसणाऱ्यांसाठी आहे. पाचव्या प्रश्नाची वाट न बघता दुसऱ्या प्रश्नालाच कोणी तरी "पुरे रे आता" म्हणावे. शेजाऱ्याने म्हटलेले 'पुरे' जेवढे ऐकले जाते तेवढे प्राचार्यांचे परिपत्रक ऐकले जात नाही, हे पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

ती विद्यार्थिनी परवा ग्रंथालयात भेटली. तिची मी क्षमा मागितली तेव्हा ती संकोचली आणि म्हणाली, "त्यात काय सर, सवय आहे." तिच्या या सवयीला मीही हातभार लावला आहे, म्हणून हे उत्तर मला अजून टोचते.

अंक छापून आला की त्याची एक प्रत खानापूरच्या पत्त्यावर पाठवणार आहे. दारावरचे अक्षर पुसायला मी सव्वीस-सत्तावीस वर्षे उशीर केला, हे त्याला तोंडाने सांगणे मला बसस्थानकावर जमले नाही. येथे लिहिणे त्यामानाने सोपे गेले. तो वाचील की नाही ठाऊक नाही. पण पुढचा मोठा सामना लागेल तेव्हा त्याने सभागृहात येऊन पहिल्या रांगेत बसावे, आणि चेंडू आत येणार की बाहेर जाणार ते आमच्या मुलांना आधी सांगावे, अशी माझी इच्छा आहे. त्या दिवशी तो कुणासाठीही टाळी वाजवो, मी त्याच्याबरोबर वाजवीन.